आवाज बंद करू नका, त्याला काहीतरी सांगू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मोबाईल आणि कॉम्प्युटरच्या आवाजांनी डोकं कसं उठतं यावर एक लेख आला होता, आणि शेवटी सल्ला असा होता की सगळे आवाज सरसकट बंद करून टाका, जे गरजेचं असेल ते स्क्रीनवर दिसतंच. हा लेख मी ऐकला, म्हणजे माझ्या स्क्रीन रीडरने, स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, मला तो वाचून दाखवला, आणि "स्क्रीनवर दिसतंच" या दोन शब्दांशी मी अडले. म्हणून हे पत्र. थोडं मोठं झालंय, पण सगळं सांगायचं होतं.

मला काचबिंदू आहे. सहा वर्षं झाली. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्या डोळ्याला मधला तुकडा दिसतो, नळीतून बघितल्यासारखा. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, आणि गंमत बघा, कॉम्प्युटरवर जे जे महत्त्वाचं असतं ते सगळं कडेला येतं. नोटिफिकेशन उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, बॅटरी संपत आली ते कोपऱ्यात, नेट गेलं ते कोपऱ्यात, फाईल सेव्ह झाली नाही हे पण कुठेतरी वरच्या कडेला बारीक पट्टीत. मी हिशोबाचं काम करते, दिवसातले सात-आठ तास कॉम्प्युटरपुढे जातात, आणि या कोपऱ्यांतलं मला काहीही दिसत नाही. मला ते कळतं फक्त आवाजावरून, आणि तेही जर आवाजाने काही सांगितलं तर.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की त्रास आवाजाचा नाहीये, काहीच न सांगणाऱ्या आवाजाचा आहे. नुसतं "टिंग" झालं की त्याचा अर्थ एकच, इकडे बघ. काय झालं, चांगलं झालं की वाईट, आत्ता उठायला पाहिजे का संध्याकाळी बघितलं तरी चालेल, यातलं काहीच त्यात नसतं, ते बघायला परत डोळेच लागतात. मग ज्याला डोळे आहेत तो वैतागतो कारण दर वेळेला मान वळवावी लागते, आणि ज्याला नाहीत तो अडकतो कारण मान वळवून उपयोग नाही. लेखकाचा वैताग मला शंभर टक्के पटतो. उपाय पटत नाही.

जरा विचार करा आपण रोज किती गोष्टी नुसत्या कानाने ओळखतो. नळाखाली बादली लावून आपण दुसऱ्या कामाला लागतो आणि भरत आली की कळतं, कारण पाणी चढतं तसा त्याचा सूर पण चढत जातो. हे कुणी शिकवलेलं नसतं. पंख्याचा आवाज बदलला की कळतं, जिन्यावर कोण येतंय ते पावलांवरून कळतं. डोळे एका वेळी एकाच दिशेला लागतात आणि मिटतात पण, कान चारी बाजूंनी उघडे आणि रात्रंदिवस उघडे. पाठीमागे झालेलं सांगायची सोय निसर्गाने कानाला दिलीय, आणि कॉम्प्युटरसारखी वस्तू, जिच्याकडे आपण सतत बघत बसू शकत नाही, तिने ही सोय वापरायची नाही तर कुणी वापरायची.

आणि ही कल्पना काही नवीन नाही. मोर्सच्या तारयंत्रात संदेश आधी कागदाच्या पट्टीवर उमटायचा, पण ऑपरेटर लोक यंत्राच्या टकटक आवाजावरूनच अक्षरं ओळखायला लागले, पट्टी बघायची गरजच उरली नाही, आणि पुढे पट्टी जाऊन नुसता आवाज करणारं यंत्रच वापरात आलं. नंतर तारेवरून आलेला मजकूर आपोआप टाईप करणारे टेलिप्रिंटर आले त्यात घंटा होती, समोरच्या माणसाचं लक्ष वेधायला, आणि ती घंटा कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या कोडमध्ये पण आली, प्रत्येक अक्षराला एक नंबर देणाऱ्या आस्की कोडमध्ये ७ नंबर हा आजही घंटेचा आहे, तो छापला की काही दिसत नाही, नुसतं वाजतं.

जुन्या पीसीचं तर मला फार कौतुक वाटतं. चालू केला की मशीन स्वतःला तपासायचं आणि सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप. पण बऱ्याच पीसींवर एक लांब आणि दोन छोट्या आल्या की समजायचं डिस्प्ले कार्डमध्ये गडबड आहे. म्हणजे जी गोष्ट बिघडल्यामुळे स्क्रीनवर काहीच येऊ शकत नाही, तीच गोष्ट आवाजाने सांगितली जायची, आणि ती पण एका फालतू छोट्या स्पीकरमधून. दुरुस्तीवाले लोक टेबलाच्या पलीकडून ऐकून सांगायचे काय झालंय ते. फोनच्या लाईनवरून नेट जोडणारा मोडेम लागताना जो किर्र-खर्र आवाज यायचा त्यावरून पण सवयीच्या माणसाला कळायचं की लाईन आज नीट जुळतेय की नाही. हे सगळं आपल्याकडे होतं, संपादक महोदय, आणि आता मशीन शेकडो पट भारी झाली, स्पीकर झकास झाले, आणि आवाज मात्र एका "टिंग"वर येऊन थांबलाय.

घरातली मशीन बघा, ती पण आता कॉम्प्युटरच आहेत. माझ्याकडे कपडे धुवायचं मशीन आहे, वर सपाट काच, बटण म्हणून हाताला लागेल असं काही नाही. बोट लावलं की बीप. चालू केलं तरी बीप, बंद केलं तरी तीच बीप, प्रोग्रॅम बदलला तरी तीच, आणि लॉक लागलेलं असलं आणि माझं बोट मानलंच नाही तरीसुद्धा तीच बीप. मी कंपनीला फोन केला, तीन वेळा केला, शेवटी एक मुलगा शांतपणे म्हणाला मॅडम डिस्प्लेवर दिसतं ना सगळं. मी त्याला दोष देत नाही, त्याच्यापुढे जे लिहिलेलं असेल तेच तो बोलणार. पण बझर तर आत बसवलेलाच आहे, वाजतो पण आहे, फक्त चालू होताना खालून वर जाणारे दोन सूर आणि बंद होताना वरून खाली येणारे दोन सूर एवढंच टाकायचं होतं. काही जास्तीचं सामान लागत नाही त्याला. कुणीतरी पाच मिनिटं डोळे मिटून ते मशीन वापरून बघायला पाहिजे होतं, ते झालं नाही. आता मी काचेवर उंचवटे असलेले स्टिकर चिकटवलेत, आणि चालू झालं की नाही हे कळायला काचेला कान लावून पाण्याचा आवाज ऐकते. म्हणजे शेवटी खरी माहिती दिली ती पाण्यानेच.

आता हे आवाज कसे असावेत यावर पण अभ्यास झालेला आहे आणि तो बराच जुना आहे. ॲपलमध्ये काम करताना बिल गेव्हर या संशोधकाने सोनिकफाइंडर नावाचं, फाईली हाताळताना आवाज करणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं, त्यावरचा त्याचा पेपर १९८९ चा आहे. त्याचा विचार असा की कॉम्प्युटरमधल्या वस्तू खऱ्या वस्तूंसारख्या वाजू द्यात. फाईलवर क्लिक केलं की टकटक केल्यासारखा आवाज, आणि फाईल मोठी असेल तर आवाज जाड, लहान असेल तर बारीक, जसं मोठ्या आणि छोट्या वस्तूवर टकटक केल्यावर होतं तसं. फाईल ओढताना घासल्यासारखा आवाज. आणि कॉपी करताना चक्क भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज, तो भरत भरत चढत जाणार, म्हणजे तीच आपली नळाखालची बादली! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण यात शिकण्यासारखं काही उरतच नाही, आपण ते आधीच शिकलेले असतो. याला ऑडिटरी आयकॉन म्हणतात.

त्याच वर्षी मीरा ब्लॅटनर आणि तिच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट मांडली, इअरकॉन म्हणतात त्याला. यात खऱ्या वस्तूचा आवाज नसतो, छोटे सुरांचे तुकडे असतात, आणि त्यांची घराणी करता येतात. म्हणजे चुकीसाठी एक ठरलेला ताल, मग त्याच तालात सूर बदलून नेटची चूक वेगळी, प्रिंटरची चूक वेगळी. ऐकणाऱ्याला आधी कळतं की काहीतरी चुकलंय आणि मग काय चुकलंय. हे शिकावं लागतं, पण ज्या गोष्टींना जगात स्वतःचा आवाजच नाही, पासवर्ड चुकला याला काय आवाज असणार, तिथे हेच उपयोगी. लोक यातलं कुठलं चांगलं यावर वाद घालतात. मला विचाराल तर रोजच्या, सगळ्यांच्या कामाला पाणी आणि टकटक, आणि ज्याला एकाच सॉफ्टवेअरवर दिवसभर बसायचंय त्याला सुरांचे तुकडे. मी हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच करून घेतलंय, एका ओळखीच्या मुलाने छोटी सेटिंग करून दिली, जमा-खर्चाचा मेळ बसला की दोन सूर चढते, नाही बसला की एक जाड ठोका, आणि तेव्हापासून माझ्या चुका खरंच कमी झाल्यात कारण पान पुढे जायच्या आधीच कळतं.

कुणी म्हणेल स्क्रीन रीडर आहे ना, तो सगळं बोलून सांगतो, मग आवाज कशाला. बोलणं चांगलंच आहे, त्याच्याशिवाय मी काम करूच शकले नसते. पण बोलणं एका रांगेत चालतं, एक शब्द संपल्याशिवाय दुसरा येत नाही, आणि ते चालू असताना मी दुसरं काही वाचू शकत नाही. "डाउनलोड त्रेचाळीस टक्के पूर्ण, डाउनलोड चव्वेचाळीस टक्के पूर्ण" असं कुणी कानात म्हणत बसलं तर माणूस काम काय करणार. मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरते, तो फुकट मिळतो, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने सुरू केला. त्यात काम किती झालं हे दाखवणारी पट्टी असली की ती बीपने ऐकू येते, थोड्या थोड्या वेळाने एक बारीक बीप, आणि काम जसं पुढे सरकतं तसा तिचा सूर चढत जातो. मी तोपर्यंत मेल वाचत असते, बीप मागे चालू असते, आणि कानाला आपोआप कळतं की आता होतच आलं. वेबसाइटवर नुसतं वाचतेय की फॉर्ममध्ये टाईप करतेय हे पण तो दोन वेगवेगळ्या बारक्या आवाजांनी सांगतो, अर्ध्या सेकंदात, एकही शब्द खर्च न करता.

कॉम्प्युटर शास्त्रज्ञ टी. व्ही. रामन यांचं नाव इथे घ्यायलाच पाहिजे. काचबिंदूनेच त्यांची नजर वयाच्या चौदाव्या वर्षी गेली, म्हणून मला ते जरा जास्तच जवळचे वाटतात. त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९९४ मध्ये पीएचडीसाठी गणित ऐकवणारी सिस्टिम केली, अॅस्टर नावाची. गणित नुसतं वाचून दाखवलं तर घात कुठे संपला आणि पुढचं पद कुठे सुरू झालं ते कळत नाही, तर त्यांनी तो वर लिहिलेला घात वरच्या पट्टीत बोलायला लावला. कागदावर जे वर तेच आवाजात वर. आणि नंतर १९९५ मध्ये इमॅकस्पीक नावाचं बोलणारं सॉफ्टवेअर आणलं, त्यात प्रोग्रॅमच्या कोडमधले वेगवेगळ्या प्रकारचे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकू येतात, डोळसांना रंगीत अक्षरांनी कळतं ना, तसंच, आणि जोडीला छोटे छोटे आवाज, फाईल उघडली, बंद झाली, सेव्ह झाली. म्हणजे स्क्रीनवर काय लिहिलंय ते कुणीतरी वाचून दाखवायचं एवढ्यावर ते थांबले नाहीत, माहिती सरळ कानासाठीच घडवली. हा फरक फार मोठा आहे आणि आजही बहुतेक ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्यात तो शिरलेला नाही.

पण ही गोष्ट फक्त आम्हा कमी दिसणाऱ्यांची आहे असं कृपा करून समजू नका. माझे वडील दोन वर्षांपूर्वी आयसीयूमध्ये अकरा दिवस होते. तिथे बोटाला क्लिप लावतात, पल्स ऑक्सिमीटर, तो प्रत्येक ठोक्याला एक बीप देतो. मला बाहेरच्या बाकावर बसून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, मी ऐकत बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बीपचा सूर बदलतो. मी सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या ऑक्सिजन उतरला की सूर पण उतरतो, आम्ही बघत नाही हो तिकडे, ऐकतो. एका रात्री त्या पाठमोऱ्या उभ्या राहून दुसऱ्या पेशंटची नोंद लिहीत होत्या, बाबांची बीप हळूहळू खाली यायला लागली, अजून कुठलाही अलार्म झाला नव्हता, आणि त्या हातातलं पेन टाकून वळल्या. एका बीपमध्ये तीन गोष्टी होत्या, ठोका पडतोय, किती वेगाने पडतोय, आणि रक्तात ऑक्सिजन कसा आहे. तीन गोष्टी, आणि कुणाची मान वळवायला न लावता. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन चालू असताना याच्यावरच कान ठेवून असतात. मला आजपर्यंत कुठल्याही मशीनचा याच्याहून चांगला आवाज माहीत नाही.

आणि त्याच खोलीत याच्या अगदी उलट पण चालू होतं. इतर मशीनचे अलार्म सतत वाजत होते, क्लिप सैल झाली तरी वाजणार, सलाईनची बाटली संपत आली तरी वाजणार, पेशंटने कूस बदलली तरी वाजणार, आणि सगळे जवळपास सारखेच. कुणी उठायचं नाही, कारण शंभरदा उठून काही नसतं. अमेरिकेतल्या, हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये यावर इशारा काढला होता, त्यात म्हटलंय की अशा अलार्मपैकी अंदाजे ८५ ते ९९ टक्के अलार्मवर काही करायची गरजच नसते. आणि त्याच इशाऱ्यात हे पण आहे की जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी संबंधित ९८ घटना त्यांच्याकडे नोंदवल्या गेल्या आणि त्यातल्या ८० मध्ये माणूस दगावला. कुठे आवाज झाला पण कुणी मनावर घेतला नाही, कुठे अलार्म बंदच करून ठेवला होता. तुमच्या लेखकाला फोनच्या टिंगचा जो कंटाळा आलाय ना, तोच कंटाळा, फक्त जागा वेगळी. निरर्थक आवाजाकडे कानाडोळा करायला माणूस आपोआप शिकतो, तो कुणाचा आळस नसतो, कान तसेच बनलेले आहेत.

यावर उपाय काय केला गेला ते ऐकण्यासारखं आहे. मेडिकल मशीनच्या अलार्मसाठी एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात आधी छोट्या छोट्या सुरावटी ठरवून दिल्या होत्या, पण नर्स आणि डॉक्टरांना त्या लक्षात राहीनात, एकमेकींत मिसळायच्या. इंग्लंडमधल्या जुडी एडवर्दी आणि इतरांनी वर्षानुवर्षं तपासण्या केल्या आणि २०२० मध्ये त्या स्टँडर्डमध्ये नवे आवाज आले, खऱ्या जगातले. हृदयासाठी धडधडीचा लब-डब, श्वासासाठी श्वास आत-बाहेर, औषधासाठी गोळ्यांची बाटली हलवल्याचा खुळखुळाट, तापमानासाठी उकळत्या किटलीची शिट्टी. कुठलीही नवीन नर्स पहिल्याच दिवशी ओळखेल. म्हणजे १९८९ मध्ये फाईल कॉपी करताना पाणी ओतणारा जो विचार होता तोच तीस वर्षांनी आयसीयूत पोचला. उशीर झाला पण पोचला.

विज्ञानवाल्यांनी तर कान फार पूर्वीपासून वापरलाय. किरणोत्सर्ग मोजायची गायगर-म्युलर नळी १९२८ ची, आणि तिला स्पीकर जोडला की होणारी कडकड सगळ्यांना माहीत आहे, कडकड दाट झाली की मागे फिरा, काटा बघत चालायची गरज नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, पहिल्यांदा पकडल्या गेल्या तेव्हा तो सिग्नल साधारण ३५ हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) २५० हर्ट्झपर्यंत एक पंचमांश सेकंदात चढला, म्हणजे आपल्या कानाच्याच टप्प्यात, आणि शास्त्रज्ञांनी तो स्पीकरवर लावला, एक छोटीशी "हूऽप". दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याचं मी माझ्या खुर्चीत बसून ऐकलंय. वांडा डियाझ-मर्सेड या खगोलशास्त्रज्ञाची दृष्टी गेल्यावर तिने ताऱ्यांचा डेटा ऐकत संशोधन चालू ठेवलं. आता तर काही फोनमध्ये आलेख पण ऐकता येतो, रेषा वर गेली की सूर वर, खाली आली की खाली, महिन्याभराच्या आकड्यांचा चढ-उतार काही सेकंदात कळतो. मला मागच्या वर्षभराच्या खर्चाचा आलेख असा ऐकून एका महिन्यात दोनदा टाकलेली एंट्री सापडली, कारण तिथे सूर एकदम टपकन उडाला.

आता आवाजाच्या मर्यादा पण आहेत आणि त्या लपवायच्या नाहीत. सूर ऐकून "वाढलं" हे कळतं, "सत्त्याहत्तर पूर्णांक तीन" हे कळत नाही, नेमका आकडा लागला तर वाचावाच लागणार. कान मिटता येत नाहीत, आणि माझा आवाज शेजारच्याच्या पण कानात जातो, जो त्याने मागितलेला नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तीच गोष्ट दिसली पाहिजे, हाताला थरथर म्हणून लागली पाहिजे. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे जे जागतिक नियम आहेत त्यात माहिती फक्त रंगाने सांगू नका असं स्पष्ट म्हटलंय, तसंच फक्त आवाजाने पण सांगता कामा नये. आणि एक गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. वय झालं की आधी वरचे बारीक सूर ऐकू येईनासे होतात, आणि घरगुती मशीनमधले स्वस्त बझर बऱ्याचदा २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास वाजतात कारण तिथे ते जोरात वाजतात. म्हणून आई म्हणते मशीन वाजलंच नाही आणि नातू म्हणतो केव्हाचं वाजतंय. दोघंही खरं बोलत असतात. जरा खालचा, जरा भरीव आवाज ठेवला तर आईला पण कळेल आणि नातवाचे कान पण किटणार नाहीत.

म्हणून सॉफ्टवेअर आणि मशीन बनवणाऱ्यांना, त्यातले काही तुमचे वाचक नक्की असतील, माझी कळकळीची विनंती आहे. जमलं आणि फसलं यांचे आवाज कधीही सारखे ठेवू नका, बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा. मागच्या वर्षी एका ॲपच्या नव्या अपडेटमध्ये पैसे गेल्याचा आणि पैसे न गेल्याचा आवाज एकच झाला, आधी वेगळे होते, कुणाला तरी वाटलं असेल एकच छान वाटतो, आणि मी एकाच माणसाला दोनदा पैसे पाठवले. परत मिळाले, पण चार दिवस जिवाला घोर. दुसरं म्हणजे आवाजाचं एकच मोठं बटण देऊ नका, सगळं चालू नाहीतर सगळं बंद. जाहिरातीची टिंग मला नको, पण बॅटरीची हवी, चुकीची हवी, काम पूर्ण झाल्याची हवी, ही निवड माझ्या हातात असू द्या. हे असतं तर तुमच्या लेखकाला पण सगळं बंद करायचा सल्ला द्यावा लागला नसता. आणि स्क्रीन रीडर बोलत असेल तेव्हा तुमचा आवाज छोटा आणि हळू ठेवा, त्याच्या बोलण्यावर बसू नका. माझे कान दोनच आहेत आणि ते आधीच कामाला लागलेले आहेत.

जाता जाता एक विनंती खुद्द तुम्हाला. तुमच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर कुठलीही बातमी उघडली की दोन-तीन सेकंदात एक व्हिडिओ आपोआप मोठ्याने सुरू होतो. डोळसांना तो दिसतो, ते बंद करतात. मला तो बंद करायचं बटण शोधायला स्क्रीन रीडरचं ऐकावं लागतं, आणि नेमकं तेच त्या व्हिडिओच्या आवाजाखाली बुडून जातं. मघाशी ज्या नियमांबद्दल बोलले त्यात हे पण आहे, ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप वाजणारी गोष्ट थांबवायची किंवा तिचा आवाज कमी करायची सोय असलीच पाहिजे, आणि ती पानाच्या सुरुवातीलाच, वाचकाच्या हाताशी असावी असा सल्लाही आहे. तुमच्या पानावर ते बटण सगळ्या जाहिरातींच्या खाली आहे, मी मोजलंय, कीबोर्डवरचं टॅबचं बटण एकेचाळीस वेळा दाबावं लागतं. व्हिडिओ मुका सुरू केलात आणि ज्याला ऐकायचाय त्याने आवाज चालू करावा असं ठेवलंत तर मला रविवारची पुरवणी पहिल्या ओळीपासून ऐकता येईल. सध्या चौथ्या-पाचव्या परिच्छेदापासून ऐकते.

आपली,
एक नियमित वाचक